मांडवीच्या पाण्यात चोरी

मी पणजीला चोरी करायला गेलो होतो.

दचकू नका! ही चोरी पत्त्यांच्या टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करायची असते आणि जमली तर एका वेळी दीडशे रुपये मिळतात. तेवढ्यासाठी दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी रात्री मी वाकडहून स्लीपर कोच पकडली. बॅगेत तीन टी-शर्ट, एक वही आणि बायकोने मोजून दिलेले तीस हजार रुपये. आणि फोनमध्ये, ड्राफ्ट्समध्ये पडलेला एक राजीनामा.

त्या राजीनाम्याचं नंतर सांगतो. आधी जेटी.

शुक्रवार, संध्याकाळचे सात. पणजीच्या जेटीवर ही गर्दी! हैदराबादची बॅचलर पार्टी, सुरतेचं अख्खं खानदान, मॅचिंग शर्ट घातलेला कुठल्याशा कंपनीचा सेल्स स्टाफ. समोर मांडवीत जहाजं नांगर टाकून उभी. अंगभर दिवे लावल्यामुळे लग्नाच्या हॉलसारखी दिसणारी. उजवीकडे अटल सेतूच्या तारा उजळलेल्या आणि पलीकडच्या काठावर बेती मात्र आपल्या मंद दिव्यांत गप्प बसलेलं. एकाच नदीचे दोन काठ, पण मूड पार वेगळे.

ही जहाजं कुठे जात नाहीत, हे मला तिथे गेल्यावर कळलं. आपणच छोट्या बोटीतून त्यांच्याकडे जायचं. गोव्याचा जुगारबंदीचा कायदा १९७६ चा. १९९२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांत मशीनवरच्या खेळांना परवानगी मिळाली. १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांनाही दार उघडलं. म्हणून हा सगळा पसारा नदीत. एकवीस वर्षांखालच्यांना प्रवेश नाही आणि २०२० पासून खुद्द गोवेकरांनाही खेळाच्या मजल्यावर जाता येत नाही. नदी त्यांची आणि खेळायला आपण! काठावरच्या पणजीकरांची या जहाजांबद्दलची नाराजी जुनी आहे. जेटीवरून जाताना एका आजोबांनी आमच्या रांगेकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून ती अजून ताजीही आहे.

आठातून पाच

आता चोरीचा फंडा. ज्यांचं पत्त्यांचं शिक्षण झब्बू आणि मेंढीकोटवर थांबलंय, त्यांच्यासाठी थोडक्यात.

पोकरमध्ये, म्हणजे टेक्सास होल्डेममध्ये, प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग मधे सगळ्यांसाठी पाच पत्ते उघडतात, तेही हप्त्याहप्त्याने. आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा एक (रिव्हर). प्रत्येक हप्त्यानंतर बोली. खेळणारे या हप्त्यांना ‘स्ट्रीट’ म्हणतात. पण नुसतं बसून राहायला कुणालाही फुकट मिळू नये म्हणून पत्ते बघण्याआधीच दोघांनी सक्तीने पैसे टाकायचे. एकाने अर्धे, दुसऱ्याने पूर्ण. हे ब्लाइंड. बोलीत ज्याची पाळी फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी येते, त्याच्यासमोर ‘बटन’ असतं.

चोरी अशी : बटन तुमच्यासमोर आहे, तुमच्या आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकले. उरले फक्त ते दोन सक्तीचे बिचारे. तुम्ही ऐटीत बोली वाढवायची. ते म्हणतात, जाऊ दे, आणि पत्ते टाकतात. त्यांचे ब्लाइंड तुमचे!

मी चार वर्षं वाकडच्या फ्लॅटमध्ये, ऑफिसचा लॅपटॉप मिटल्यावर, हेच करायचो. एक-दोन रुपयांचं ऑनलाइन टेबल. पॉटमध्ये ब्लाइंडचे तीन रुपये, माझी बोली पाच. आठातून पाच वेळा दोघांनी पत्ते टाकले तर पंधरा रुपये आले, उरलेल्या तीन वेळांत पंधरा गेले. बरोबरी. त्याहून जास्त वेळा टाकले की नफा. हातात काय आहे याच्याशी संबंधच नाही! वर गंमत म्हणजे फ्लॉप उघडलाच नाही तर टेबलाचं कमिशनही कापलं जायचं नाही. दोन रुपयांच्या टेबलावर कमिशन ही मोठी डोकेदुखी असते, त्यामुळे ही चोरी म्हणजे माझं ब्रेड-बटर होतं. सगळं एक्सेलमध्ये टिपून ठेवायचो. चार वर्षांचा निव्वळ नफा चार हजार. मी खूश होतो.

मग एका रविवारी बायकोने ती शीट उघडली. ती ऑडिटमध्ये आहे. पाच मिनिटांत तिने फिल्टर लावून दोन आकडे काढले. फ्लॉपच्या आधी संपलेले डाव : अधिक अठरा हजार. फ्लॉप उघडलेले डाव : उणे चौदा हजार.

‘‘म्हणजे अरे, कुणी तुला ‘थांब, मी पण खेळतो’ म्हटलं की तू हरतोस,’’ ती म्हणाली. ‘‘आणि चार वर्षांत चार हजार म्हणजे महिन्याला ऐंशी रुपये. टॅक्स वेगळा.’’

मी म्हटलं, तू स्किल गेम समजूनच घेत नाहीस.

ड्राफ्ट्समधला मेल

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत ऑनलाइन मनी गेम्सवर बंदीचा कायदा झाला. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही. त्याच आठवड्यात मी खेळायचो त्या ॲपवरची पैशांची टेबलं बंद झाली. उरलेले सहाशे रुपये काढून घेतले आणि संध्याकाळी काय करायचं ते कळेना. कंपनीत तिसऱ्यांदा माझं प्रमोशन पुढे ढकललं होतं. त्यातच आमच्या हिंजवडीच्या ग्रुपमधला एक मित्र आधीच नोकरी सोडून पणजीला जाऊन राहिला होता, जहाजावर रोज पोकर खेळायला. त्याचा फोन : ‘‘ये रे. इथली पब्लिक अगदी कच्ची आहे. तू वर्षात गाडी घेशील.’’

त्या रात्री मी राजीनामा टाइप केला. पाठवला नाही, पण रोज उघडून वाचायचो.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भांडली नाही. म्हणाली, ‘‘तीन रात्री. दहा-दहा हजार. प्रत्येक डाव वहीत. आल्यावर बोलू.’’ ऑडिटरशी लग्न करण्याचे हे तोटे असतात, किंवा फायदे.

पहिली रात्र : ‘हम तो देखने आये हैं’

टेबल पन्नास-शंभरचं. म्हणजे माझ्या घरच्या टेबलाच्या पन्नासपट. दहा हजारांच्या चिपा समोर रचल्या तेव्हा हाताला घाम. बाजूच्या खुर्चीत रायपूरचे एक काका. पांढरा सफारी, समोर पनीर टिक्क्याची प्लेट, चेहऱ्यावर जावयाच्या घरी आल्यासारखा निवांतपणा.

तिसऱ्याच डावात बटन माझ्यासमोर. मी अडीचशे लावले. ऑनलाइनचा पेटंट अडीचपट रेज! स्मॉल ब्लाइंडने कॉल. काकांनी कॉल. पुढच्या वेळी एका जागेआधीच अडीचशे लावले, तर मागचे तिघेही आले. फ्लॉप उघडला की माझ्या हातात कचरा, समोर तीन माणसं, आणि पुढे काय करायचं याचा पत्ता नाही. एकदा बोली लावून बघायची, कुणी हललं नाही की गप्प बसायचं, आणि शेवटी पैसे देऊन टाकायचे. हेच पुन्हा पुन्हा.

घरी मला समोरचा माणूस दिसायचा नाही. एक टोपणनाव आणि एक घड्याळ. इथे काका माझ्याकडे बघून हसायचे. मी एकदा म्हटलं, ‘‘अंकल, आप फोल्ड ही नहीं करते?’’

‘‘बेटा,’’ ते टिक्का तोंडात टाकत म्हणाले, ‘‘इतनी दूर आये हैं। हम तो देखने आये हैं।’’

पहाटे तीनला वहीत लिहिलं : उणे ७,४००.

फोंताईन्हासच्या गल्ल्या

शनिवारी दुपारी मित्र भेटला. मळा-फोंताईन्हास भागात फिरायला नेलं त्याने. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाची घरं, शिंपल्यांच्या खिडक्या, पायऱ्यांवर झोपलेली मांजरं. गल्ली इतकी अरुंद की स्कूटर आली की भिंतीला चिकटायचं. आणि प्रत्येक वळणावर पुढचं काही दिसत नाही.

मी त्याला रात्रीचं रडगाणं ऐकवलं. त्याने मला एका पायरीवर बसवलं आणि क्लास घेतला.

‘‘हे बघ. तू अडीचशे लावलेस. पॉटमध्ये दीडशे आधीच होते, झाले चारशे. काकांचे शंभर आत आहेतच, त्यांना फक्त दीडशे टाकायचेत. दीडशेत चारशेचा पॉट! चारातून एकदा, थोडं जास्त जिंकले तरी त्यांचं भागतं. त्यांनी का सोडावं? ते चुकत नाहीयेत साल्या, तू चुकतोयस.’’

‘‘मग चोरी करायचीच नाही?’’

‘‘कर की. पण चोराने घरात शिरताना एक विचार केलेला असतो. घरमालक जागा झाला तर काय? तू ठरवलंच नव्हतंस. इथे पाचशे लाव, आणि असे पत्ते घेऊन लाव की जे पुढच्या गल्लीत तोंड दाखवू शकतील. आणि बोली लावण्याआधी ठरव, फ्लॉपवर काय, टर्नवर काय, रिव्हरवर काय.’’

त्याचं गणित असं : दोन वेगळ्या नंबरांच्या पत्त्यांना फ्लॉपवर जोडी जमते ती साधारण ३२ टक्के वेळा. म्हणजे तीनातून दोनदा तुमचं काहीच जुळत नाही. पण समोरच्याचंही तसंच! म्हणून फ्लॉपवर पॉटच्या निम्मी बोली तीनातून एकदा जरी खपली तरी वसूल. खरी गोची टर्नवर. तिथवर जो टिकलाय त्याच्याकडे बहुधा काहीतरी आहे आणि पॉट दुप्पट झालाय. फ्लॉपवर एका रंगाचे चार पत्ते असतील तर पाचवा येण्याची शक्यता पुढच्या दोन पत्त्यांत मिळून ३५ टक्के. टर्न कोरडा गेला की ती वीसच्या खाली घसरते. गल्ली जितकी पुढे, तितकी चूक महाग.

मला मनीमेकर आठवला. पोकरवाल्यांचा सचिनच म्हणा! ख्रिस मनीमेकर, टेनेसीचा अकाउंटंट. शंभर डॉलरपेक्षाही कमी भरून ऑनलाइन स्पर्धेतून लास व्हेगासला पोचला आणि २००३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पंचवीस लाख डॉलर जिंकला. शेवटच्या लढतीत हातात काही जुळलेलं नसताना रिव्हरवर त्याने सगळ्या चिपा पुढे ढकलल्या, आणि समोरच्या सॅमी फार्‍हाने नव्व्यांची जोडी टाकून दिली. माझ्यासारख्या हजारो ऑफिसवाल्यांना या खेळाचं वेड लावलं ते त्या डावाने.

मित्र म्हणाला, ‘‘फार्‍हा प्रोफेशनल होता, म्हणून घाबरला. काका प्रोफेशनल नाहीत.’’

मी ऐकलं. समजलं नाही.

दुसरी रात्र

पाचशेची बोली चालली. दोन-तीनदा ब्लाइंड सुटले, एकदा टर्नवर दुसरी बोली लावून पॉट घेतला. मी हवेत! मग बटनवर इस्पिकचे गुलाम-दश्शी. पाचशे. काकांचा कॉल. फ्लॉपवर एक्का, सत्ती, दुर्री, त्यातले दोन इस्पिक. मस्त! सहाशे लावले, कॉल. टर्नवर किलवर चव्वी. दीड हजार लावले, कॉल. पॉटमध्ये ५,२५० आणि रिव्हरवर चौकट नव्वी. इस्पिक आलंच नाही. हातात शून्य.

काकांनी टेबलावर टकटक केलं. चेक.

डोक्यात मनीमेकर. चार हजार पुढे ढकलले. हे खपायला शंभरात ४३ वेळा त्यांनी पत्ते टाकायला हवे होते. काकांनी दोन रात्रींत शंभरात चार वेळाही टाकले नसतील, आणि ते मला माहीत होतं! त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, आणि काळजीच्या सुरात म्हणाले, ‘‘देख लेते हैं।’’ एक्का-तिर्री.

एका डावात ६,६०० साफ. पहाटेपर्यंत थोडे परत आले. वहीत : उणे ४,१००.

बाहेर जेटीजवळच्या गाड्यावर रस ऑम्लेट खाल्लं. गरम शाकुतीच्या रश्श्यात बुडालेलं ऑम्लेट, वर कच्चा कांदा, सोबत पाव. घास घेताना लख्ख कळलं की मी काकांशी खेळलोच नव्हतो. मी एका व्हिडिओशी खेळत होतो.

तिसरी रात्र : दश्शी आणि नव्वी

रविवारी गर्दी कमी. काका त्याच खुर्चीत, आज फिश फिंगर. चार तास मी मुकाट्याने खेळलो. मग बटनवर चौकटचे राजा-दश्शी. पाचशे. स्मॉल ब्लाइंड गेला, काका आले. पॉट १,०५०.

फ्लॉप : राजा, सत्ती, चव्वी. मला राजांची जोडी. काका चेक, मी सहाशे, कॉल. टर्न : दुर्री. चेक, चौदाशे, कॉल. पॉट ५,०५०. रिव्हर : अठ्ठी.

आणि माझ्या पोटात गोळा. पंजी-छक्की असेल तर सलग पाच लागले त्यांना! चार वर्षं या जागी मी हमखास चेक करायचो. जिंकत असेन तर आहेत तेवढे मिळतील, हरत असेन तर आणखी जाणार नाहीत. एक्सेलमधले उणे चौदा हजार याच भीतीतून, थेंबाथेंबाने गेले होते.

काकांनी टकटक केलं. चेक.

या वेळी मी पत्त्यांकडे न बघता माणसाकडे बघितलं. तीन रात्रींत काकांना काही जबरदस्त लागलं की ते थांबायचे नाहीत. प्लेट बाजूला सारून स्वतःच चिपा ढकलायचे. आज प्लेट जागेवर होती. म्हणजे जोडी आहे. आणि जोडी असली की ते बघणार. बघायलाच आलेत.

दोन हजार लावले. हात थरथरत होता, लपवलं नाही.

‘‘देख लेते हैं।’’ राजा-नव्वी.

माझी दश्शी, त्यांची नव्वी. एका टिकलीचा फरक! काकांनी खांद्यावर थाप मारली आणि फिश फिंगर पुढे केली. मी खाल्ली. वहीत : अधिक ६,३००.

साडेसत्त्याऐंशी हजारांचं गणित

तीन रात्रींचा हिशेब : उणे ५,२००. बस, खोली, जहाजाचं तिकीट वेगळं.

पण शेवटचा डाव डोक्यातून जाईना. आता जमायला लागलंय, मेल पाठवू का? सोमवारी मिरामारला वाळूत बसून वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. तीन रात्रींत झाले जेमतेम पाचशे, घरच्या लॅपटॉपवर दोन-तीन टेबलं उघडून दोन संध्याकाळी व्हायचे तेवढे. त्यावरून मी चांगला की वाईट, काही सिद्ध होत नाही. समजा चांगला निघालो आणि तासाला पाच बिग ब्लाइंड, म्हणजे पाचशे रुपये कमावले. रोज सात तास, महिन्याला पंचवीस दिवस : ८७,५००. त्यातून पणजीचं भाडं, जेवण, कमिशन, टॅक्स. पीएफ नाही, मेडिक्लेम नाही. आणि सुरुवातीचा शब्द ‘समजा’.

मग मेल उघडला. चार ओळींचा. वाचला आणि हसू आलं. बटनवरची अडीचपट बोली होती ती! समोरचे घाबरून पत्ते टाकतील, या आशेवर लावलेली. पुढच्या तीन गल्ल्यांत काय करायचं, त्याचा एक शब्द नव्हता. डिलीट केला. प्रमोशनबद्दल बोलायला वेगळा मेल लिहायला घेतला. त्यात आधी मॅनेजर ‘नाही’ म्हणाला तर काय, ते लिहिलं.

संध्याकाळी मित्र बस स्टँडवर सोडायला आला. त्याच्या आधारवर पत्ता अजून पुण्याचाच आहे, म्हणून रोज आत जाता येतं. बस सुटायला दहा मिनिटं असताना म्हणाला, ‘‘ऐक ना, जरा डाउनस्विंग चालू आहे. दहा हजार आहेत का? आठवड्यात देतो.’’

खेळ माझ्यापेक्षा त्याला कितीतरी जास्त कळतो. फोंताईन्हासच्या पायरीवर सांगितलेलं त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी पाकीट काढलं, दहा हजार मोजून दिले. त्याने न मोजता खिशात घातले आणि बस वळेपर्यंत हात हलवत उभा राहिला.

मंगळवारी सकाळी चहा घेत बायको वही तपासत होती. प्रत्येक डावावर पेन्सिलची खूण. शेवटच्या पानावर थांबली.

‘‘हे दहा हजार कुठल्या रकान्यात टाकू? खर्च की उसने?’’

मी म्हटलं, सध्या रिकामा ठेव.